कुष्ठरुग्णांना हात देणारे सर्जन : डॉ. पॉल ब्रँड

मराठीत कुष्ठरोगासंबंधी एक क्रियापद पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ते म्हणजे 'झडणे'. झाडाची पाने झडावीत तशी या रोगात माणसाची बोटे झडतात, अशी आपली समजूत. या एका शब्दात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. पहिली, बोटे आपोआप गळून पडतात. आणि दुसरी, त्यावर कोणाला काही करता येणार नाही. ज्याच्यावर काही इलाज नाही त्याला गावाबाहेर ठेवणे हाच मग इलाज ठरतो. आपल्या देशात शेकडो वर्षे तेच झाले.

हे दोन्ही समज खोटे आहेत, हे प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करून आणि माणसे पुन्हा कामाला लावून ज्यांनी दाखवून दिले, त्यांमध्ये डॉ. पॉल ब्रँड या अस्थिशल्यविशारदांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांचे मुख्य कार्य तामिळनाडूतील वेल्लोर येथे घडले. सदर लेखात त्यांचे चरित्र थोडक्यात सांगून, त्यांनी नेमके काय शोधले आणि पुनर्वसन या शब्दाचा अर्थ त्यांच्या कामातून कसा उलगडत गेला, याचा अभ्यास करावयाचा आहे.

बालपण आणि सुतारकाम

पॉल ब्रँड यांचा जन्म १७ जुलै १९१४ रोजी झाला आणि त्यांचे बालपण तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात गेले. त्यांचे आईवडील इंग्लंडहून आलेले ख्रिस्ती मिशनरी होते. या डोंगराळ मुलखात मलेरियाचा कहर असे. वडील जेसी ब्रँड लोकांना औषधोपचार करीत, घरबांधणी व सुतारकाम शिकवीत. वयाच्या नवव्या वर्षी पॉल यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात आले. १९२९ मध्ये वडील डोंगरातच ब्लॅकवॉटर फीव्हरने वारले. मुलाची आणि वडिलांची पुन्हा भेट झाली नाही.

पुढे या तरुणाने एकदम डॉक्टरकीचा मार्ग धरला नाही. प्रथम त्याने काही वर्षे सुतारकाम, गवंडीकाम आणि बांधकाम यांची उमेदवारी केली. वडिलांप्रमाणे आपणही खेड्यात जाऊन घरे बांधावीत असा त्याचा विचार होता. त्यानंतर मात्र वैद्यकाची ओढ लागली आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले. तो दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता. बाँबहल्ल्यात जखमी झालेल्यांवर उपचार करता करता तरुण डॉक्टरांचे हात तयार होत होते. तेथेच सहाध्यायी मार्गारेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मार्गारेट ब्रँड पुढे नेत्रतज्ज्ञ म्हणून कुष्ठरुग्णांच्या डोळ्यांसाठी झटल्या.

सुतारकामाची ही वर्षे वाया गेली असे कोणी म्हणेल, पण पुढील हकीकत वाचल्यावर तसे म्हणता येणार नाही.

एक हस्तांदोलन

१९४६ मध्ये डॉ. ब्रँड वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शल्यचिकित्सा शिकविण्यासाठी आले. त्यांना बोलावण्यात डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांचा पुढाकार होता. कॉक्रेन हे कुष्ठरोगाचे नामांकित तज्ज्ञ असून चिंगलपेट येथील कुष्ठरुग्णालयाशी त्यांचा निकटचा संबंध होता. १९४७ मध्ये त्यांनी ब्रँड यांना ते रुग्णालय पाहावयास नेले.

तेथे ब्रँड यांनी वाकडे, आखडलेले, बोटे आखूड झालेले हात पाहिले. अस्थिशल्यविशारदाच्या सवयीने त्यांनी विचारले की हातांची अशी अवस्था का होते आणि त्यावर कोणी काय केले आहे. उत्तर निराशाजनक होते. जगात लाखो कुष्ठरुग्ण असताना एकाही अस्थिशल्यविशारदाने त्यांच्या हातापायांचा पद्धतशीर अभ्यास केलेला नव्हता. कुष्ठरोग हा त्वचेचा विषय समजला जाई, आणि त्वचेचे डॉक्टर हाडे-स्नायू पाहत नसत.

याच भेटीत एक प्रसंग घडला. ब्रँड यांनी एका रुग्णाचा पंजासारखा वाकलेला हात हाती घेतला आणि त्याला तो दाबावयास सांगितले. त्यांना वाटले होते की पकड दुबळी असेल. प्रत्यक्षात त्या रुग्णाने इतक्या जोराने दाबले की त्याची नखे डॉक्टरांच्या हातात रुतली. जोर किती लागतो आहे हे त्या रुग्णाला कळतच नव्हते, कारण हाताला संवेदना नव्हती. दुखले ते डॉक्टरांना.

त्या वेदनेतून ब्रँड यांनी एक निष्कर्ष काढला. हात लुळा दिसत असला तरी त्यात जोरकस स्नायू शिल्लक आहेत. म्हणजे हात मेलेला नाही. जे स्नायू चांगले आहेत त्यांच्याकडून मेलेल्या स्नायूंचे काम करून घेता येईल काय, हा प्रश्न तेथून सुरू झाला.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. हा शोध लागला तो स्पर्शामुळे. हात हाती घेतल्याशिवाय त्यातील जोर कळणे शक्यच नव्हते. स्पर्श नाकारणे म्हणजे काय हे आपल्या वाचकांना शब्दकोशात पाहावे लागत नाही. नाकारणारा माणूस समोरच्याचा अपमान तर करतोच, शिवाय त्याच्याविषयीचे ज्ञानही गमावतो. कुष्ठरोगाबाबत सारे जग ते शतकानुशतके गमावत आले होते.

हात वाकडा का होतो?

विद्यार्थ्यांसाठी हा भाग थोडा सविस्तर सांगतो.

कुष्ठरोग हा एका जंतूमुळे होतो. नॉर्वेतील डॉ. हान्सेन यांनी १८७३ मध्ये तो शोधून काढला. पूर्वजन्मीचे पाप, शाप किंवा रक्तातील दोष यांच्याशी त्याचा संबंध नाही. हा जंतू त्वचा आणि नसा यांच्यावर हल्ला करतो. त्याला शरीराचे थंड भाग मानवतात, म्हणून जेथे नस कातडीच्या अगदी जवळून जाते तेथे तिला इजा होते. आपल्या कोपराच्या आतल्या बाजूस हाडाला चिकटून एक नस जाते. तिला धक्का लागला की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, हा अनुभव प्रत्येकाला असतो. कुष्ठरोगात नेमकी हीच नस सुजते आणि कालांतराने निकामी होते.

ही नस तळहातातील बारीक स्नायूंना हुकूम देते. ते स्नायू निकामी झाले की बोटे मुळाशी उलटी ताणली जातात व मधल्या सांध्यांत वाकतात आणि हात पक्ष्याच्या पंजासारखा दिसू लागतो. मात्र कोपराच्या खालचे, बाहूतील मोठे स्नायू बहुधा शाबूत राहतात, कारण त्यांच्याकडे जाणारे नसांचे फाटे खोलवर, उबदार भागात असतात. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो रुग्णांचे हात तपासून हा नमुना निश्चित केला. कोणते स्नायू जातात आणि कोणते राहतात हे ठरलेले असल्याने शस्त्रक्रियेची आखणी करता येऊ लागली.

शस्त्रक्रियेचे तत्त्व सोपे आहे. स्नायू ज्या पांढऱ्या दोरीने हाडाला बांधलेला असतो तिला कंडरा म्हणतात. एखाद्या चांगल्या स्नायूची कंडरा मूळ जागेवरून सोडवून दुसरीकडे जोडली, की तो स्नायू नव्या जागी ओढ देऊ लागतो. ब्रँड यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या एका पद्धतीत मनगट उचलणाऱ्या स्नायूची कंडरा घेतात आणि पायाच्या पोटरीतील एक बारीक कंडरा, जिच्यावाचून चालण्यात काही अडत नाही, ती तिला जोडून लांबी वाढवितात. मग तिला चार शेपट्या करून त्या चार बोटांपर्यंत नेतात. मागाच्या दोऱ्या नव्याने ओवाव्यात तसेच हे काम आहे. दोरीचा ताण किती ठेवावा, ओढ कोणत्या कोनातून लागावी, हे पाहण्याची नजर सुताराच्या उमेदवारीत तयार झाली होती.

पहिल्या शस्त्रक्रिया १९४८ च्या सुमारास झाल्या. त्या काळी सर्वसाधारण रुग्णालये कुष्ठरुग्णांना दाखल करून घेत नसत. कुष्ठरुग्ण आला की बाकीचे रोगी पळून जातील, ही धास्ती. बऱ्याच जाणत्या डॉक्टरांचे असेही मत होते की कुष्ठरुग्णाच्या अंगावरील जखम भरून येणार नाही. जखमा भरून आल्या. प्लॅस्टर काढल्यावर रुग्णांना नव्याने शिकावे लागे, कारण मनगट उचलण्याचा विचार मनात आणला की आता बोटे हलत. त्यासाठी आठवडेच्या आठवडे व्यायाम घ्यावा लागे. चिकाटीने व्यायाम करणाऱ्यांचे हात उघडू-मिटू लागले.

सरळ झालेला हात आणि रिकामे पोट

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. हात सुधारलेल्या काही तरुणांना ब्रँड यांनी आनंदाने घरी पाठविले. काही काळाने त्यांतील एक जण परत आला. त्याची तक्रार ऐकून डॉक्टर अवाक् झाले. तक्रार अशी, की तुम्ही दिलेले हे हात भीक मागण्याच्या कामाचे नाहीत. वाकडे हात पाहून लोकांना दया येई, नाणे पडे. आता हात सरळ दिसतात म्हणून भीक मिळत नाही; आणि अंगावर रोगाच्या खुणा आहेत म्हणून काम मिळत नाही, राहावयास खोलीही मिळत नाही.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती आणि माणूस उपाशी होता. ब्रँड यांच्या थोरवीचे गमक मला येथे दिसते. हा आमचा विषय नव्हे, समाजाने पाहावे, असे म्हणून त्यांना मोकळे होता आले असते. त्यांनी तसे केले नाही. आपले काम अपुरे आहे असे त्यांनी मानले.

यातून १९५० च्या सुमारास वेल्लोरच्या महाविद्यालयाच्या परिसरात 'नव जीव निलयम' म्हणजे नवजीवन केंद्र सुरू झाले. एका वृद्ध मिशनरी बाईंनी दिलेल्या देणगीतून मातीच्या भिंतींच्या, चुना लावलेल्या साध्या झोपड्या उभारल्या गेल्या. रुग्णाला आपल्या खेड्यातल्यासारखेच वाटावे आणि तेथे जे शिकेल ते घरी जाऊन करता यावे, हा साधेपणामागील हेतू होता. येथे डॉ. ब्रँड यांच्यातील सुतार पुन्हा जागा झाला. त्यांनी स्वतः तरुणांना करवत, रंधा, पटाशी धरावयास शिकविले. लाकडी खेळणी तयार होऊन विकली जाऊ लागली. ज्या हातांना कोणी शिवत नव्हते त्या हातांनी केलेली वस्तू लोक पैसे देऊन घरी नेऊ लागले.

बोटे कोठे जातात?

या केंद्रातच 'झडणे' या शब्दाचा निकाल लागला. रुग्ण दिवसभर डोळ्यांसमोर काम करीत असल्याने प्रत्येक जखम कशी झाली याचा माग काढणे शक्य झाले. रोजच्या रोज हात तपासण्याचा शिरस्ता घालण्यात आला. तेव्हा दिसून आले की बोटांना होणाऱ्या इजेमागे जवळजवळ नेहमीच साधे कारण असते. हातोड्याचा दांडा तुटका असतो, तो तळव्यात घुसतो पण कळत नाही. चुलीवरचे तापलेले भांडे माणूस सरळ हाताने उचलतो. एकदा कुलपात अडकलेली किल्ली डॉक्टरांना फिरेना, ती एका लहान मुलाने सहज फिरविली. पाहतात तो त्याच्या बोटाचे मांस हाडापर्यंत कापले गेले होते, आणि त्याला पत्ताही नव्हता.

काही रुग्ण सकाळी उठत तो बोटाचा तुकडा नाहीसा झालेला असे. रात्री पाळत ठेवल्यावर उलगडा झाला. उंदीर येऊन बोट कुरतडत होते आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नव्हती. त्यानंतर घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर एक मांजर देण्याची पद्धत पडली. मोठमोठ्या ग्रंथांत नसलेला हा उपाय होता, आणि तो लागू पडला.

निष्कर्ष असा की कुष्ठरोगात बोटे झडत नाहीत. वेदना नाहीशी झाल्याने माणूस स्वतःला जपू शकत नाही. जखमा होतात, त्या चिघळतात, हाड झिजत जाते आणि बोट आखूड होते. जखम टाळली तर बोट टिकते. म्हणूनच वेदना हा शत्रू नसून राखणदार आहे, हा विचार ब्रँड आयुष्यभर मांडत राहिले.

पायांचेही तेच. बधिर पायाने चालत राहिल्याने तळव्याला व्रण पडतात. प्लॅस्टर घालून पायाला विश्रांती दिली की तेच व्रण भरून येतात. पुढे मऊ, सच्छिद्र रबराच्या तळव्याच्या चपला तयार करण्यात आल्या. डोळ्यांच्या बाबतीत पापणी मिटत नसल्याने बुबुळ कोरडे पडून अंधत्व येते. त्यावर जबडा हलविणाऱ्या स्नायूचा पट्टा पापणीपर्यंत नेण्याची शस्त्रक्रिया केली जाऊ लागली. रुग्णाने दात दाबले की पापणी मिटते. बसलेले नाक उभे करणे, डोक्याच्या केसाळ त्वचेपासून भुवया बनविणे ही कामेही होऊ लागली. भुवई नसली तर रोग बरा होऊनही माणूस बाजारात ओळखला जातो, म्हणून भुवईला चैन समजता येत नाही.

सहकारी आणि पुढील कार्य

हे सारे एकट्याचे काम नव्हते. डॉ. मेरी वर्गीस यांचे उदाहरण विशेष आहे. १९५४ मध्ये मोटार अपघातात त्यांच्या शरीराचा कमरेखालील भाग निकामी झाला. ब्रँड यांच्या प्रोत्साहनाने त्या चाकांच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. पुढे त्यांनी पुनर्वसनशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन वेल्लोर येथे त्या विषयाचा विभाग नावारूपाला आणला. ज्याला उभे करावयाचे तो रुग्ण आणि उभा करणारा डॉक्टर या दोघांमधील अंतर त्यांच्या ठिकाणी मिटून गेले होते.

वेल्लोरजवळ करीगिरी येथे १९५५ मध्ये कुष्ठरोग संशोधन व उपचार केंद्र सुरू झाले आणि तेथे देशोदेशीचे डॉक्टर शिकून गेले. ब्रँड १९६६ मध्ये भारतातून अमेरिकेला गेले व लुइझियाना राज्यातील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात काम करू लागले. बधिर पायांविषयी वेल्लोरला मिळालेले ज्ञान तेथे मधुमेहाच्या रुग्णांच्या पायांसाठी उपयोगी पडले. भारतातील गोरगरिबांच्या पायांवरून शिकलेली विद्या श्रीमंत देशातील माणसांचे पाय वाचवू लागली. ८ जुलै २००३ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या महाराष्ट्रातही या क्षेत्रात मोठी परंपरा आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण, अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांना श्रमाच्या बळावर उभे केले. मुंबईचे प्लॅस्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी पुनर्रचना शस्त्रक्रियेत मोलाची भर घातली. काम हेच पुनर्वसन, हे सूत्र या सर्वांत समान आहे.

आज काय स्थिती आहे?

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार पद्धतीची शिफारस केली. तीन औषधे एकत्र घेतल्याने रोग सहा किंवा बारा महिन्यांच्या उपचारात बरा होतो आणि उपचार सुरू झाल्यावर रुग्ण लवकरच संसर्ग देण्याचे थांबतो. सरकारी आरोग्य केंद्रात ही औषधे विनामूल्य मिळतात. २००५ च्या अखेरीस भारतात दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले गेले. तथापि रोग संपलेला नाही. २०२२-२३ या वर्षात देशात एक लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळले. जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्याच देशात आहेत.

कायदाही हळूहळू बदलला. १८९८ चा कुष्ठरोग्यांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठरोगमुक्त व्यक्तींचा समावेश आहे. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण ठरविणाऱ्या तरतुदी २०१९ मध्ये काढून टाकण्यात आल्या.

पण कागदावरचा बदल काउंटरपर्यंत पोहोचावयास वेळ लागतो, हे बँकेत नोकरी करणाऱ्याला चांगले ठाऊक असते. एका शाखेत बोटे आखूड झालेल्या एका निवृत्तिवेतनधारक गृहस्थांना अंगठा उमटत नाही म्हणून तीन वेळा परत पाठविल्याचे मी पाहिले आहे. वास्तविक अंगठा देता येत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा, आणि तेही शक्य नसल्यास एखादी खूण साक्षीदारांसमोर घेऊन पैसे द्यावेत, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. आधार नोंदणीतही बोटांचे ठसे नसणाऱ्यांसाठी अपवादाची सोय आहे. नियम होता, पण तो उघडून पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. सूचना दाखविल्यावर त्यांचे काम दहा मिनिटांत झाले. पुनर्वसन केवळ ऑपरेशन थिएटरमध्ये होत नाही. त्याचा काही भाग तुमच्या-आमच्या टेबलावर पडून असतो.

विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असून तेथे स्पर्श, उष्णता किंवा टोचणी जाणवत नसेल, तर तो दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करू नये. दुखत नाही हेच धोक्याचे चिन्ह आहे. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन तपासणी करून घ्यावी. लवकर उपचार घेतल्यास व्यंग येत नाही. बहुतेक माणसांत या रोगाविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. व्यंग आलेले असल्यास शस्त्रक्रियेची सोय आहे व त्यासाठी सरकारी साहाय्यही मिळते, ही माहिती गरजूंपर्यंत न्यावी.

अभ्यासमंडळात चर्चेसाठी पुढील प्रश्न घेता येतील :

१. हात सुधारूनही तो तरुण उपाशी का राहिला? दोष कोठे होता?

२. वेदना राखणदार आहे, या विचाराची दैनंदिन जीवनातील दोन उदाहरणे द्या.

३. आपल्या शाळेत, कार्यालयात किंवा वस्तीत असा कोणता नियम किंवा सवय आहे, जिच्यामुळे कुष्ठरोगमुक्त व्यक्ती दाराबाहेर राहते? ती बदलण्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागेल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून थांबू नये. अर्ज लिहावा, आणि तो देण्यासाठी त्या व्यक्तीला सोबत घेऊन जावे.